बातमी, तह आणि वऱ्हाड

परतवाड्याच्या वायव्येस सातपुड्याच्या माथ्यावर उभा असलेला गाविलगड १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या हाती पडला आणि दोनच दिवसांनी देवगाव येथे झालेल्या तहाने नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलखावर पाणी सोडावे लागले, हे सर्वज्ञात असले तरी त्यामागील बातमीदारीचा विचार क्वचितच होतो.

या मोहिमेत इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीचा दुभाषी म्हणून वावरणारा २४ वर्षांचा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गुप्तवार्तेचेही काम पाहत असे, म्हणजे हरकाऱ्यांनी (बातमी पोहोचवणाऱ्या जासुदांनी) आणलेल्या खबरा ताडून त्यांतील खरे-खोटे निवडत असे. अकोल्याकडील अडगावची लढाई आणि गाविलगडचा हल्ला त्याने स्वतः पाहिला. पुढे तो नागपूरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीचा राजकीय प्रतिनिधी, १८०८ मध्ये काबूलच्या शिष्टमंडळाचा प्रमुख, १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झाला.

तोफांनी गडाची तटबंदी फोडली, परंतु राज्ये जिंकली ती समोरच्याची भाषा, माणसे आणि मतभेद जाणणाऱ्या चिकाटीने. म्हणूनच आपल्या मातीत घडलेल्या या कारकिर्दीचा अभ्यास वऱ्हाडाने स्वतःच्या नजरेने केला पाहिजे, हीच प्रस्तुत अंकामागील तळमळ आहे.