काठी कुठल्या हातात?

भारतातून जर्मनीत महिना-दोन महिने राहायला आलेल्या आईबाबा मंडळींना इथल्या म्हाताऱ्यांचं फार कौतुक वाटतं. ऐंशीच्या पुढच्या आजी रोलाटोर (चार चाकांची, ब्रेक असलेली चालायची गाडी) ढकलत एकट्या बाजारात जातात. आजोबा दोन्ही हातांत काठ्या घेऊन जंगलात फिरतात. पण त्याच आईबाबांना कोणी "तुम्हीपण एक काठी घ्या की" म्हटलं, की चेहरा पडतो. "अजून एवढे काही म्हातारे झालो नाही आम्ही!" आपल्याकडे काठी म्हणजे शरणागती. अगदीच नाइलाज झाला की घेतात, आणि तीही बरेचदा दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात. माझ्या मते दोन्ही चूक, आणि का ते गणिताने सांगता येतं.

शाळेतलं थोडं आठवू या. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून तो जोडीने काम करतो: कोपर वाकवायला दंडाचा पुढचा, सरळ करायला मागचा. हाड ही तरफ, सांधा हा टेकू. खरी गंमत आहे ती स्नायू हाडाला कुठे जोडलाय त्यात. दंडाचा पुढचा स्नायू कोपरापासून जेमतेम ५ सेंमीवर जोडलेला, आणि बादली धरलेली मूठ साधारण ३५ सेंमीवर. म्हणजे कोपर काटकोनात ठेवून ५ किलोची बादली धरायची तर स्नायूला ३५ किलोची ओढ लावावी लागते! (न्यूटनवाल्यांनी 'किलो'बद्दल माफ करावं.)

पहारीने दगड हलवताना आपण नेमकं याच्या उलट करतो. मग निसर्गाचं डिझाइन फसलं का? अजिबात नाही. स्नायू जरासाच आखडतो आणि मूठ त्याच्या सातपट अंतर, सातपट वेगाने जाते. पळणं, उडी, दगड भिरकावणं, सगळं याच सौद्यावर चालतं. फक्त त्याची किंमत सांधा मोजतो.

सगळ्यात मोठी किंमत मोजतो खुबा. हे नीट मांडलं ते आखेनच्या फ्रीडरिश पाउवेल्स या हाडांच्या डॉक्टरने. १९३५ साली त्याने खुब्याजवळच्या फ्रॅक्चरवर पुस्तक लिहिलं आणि शीर्षकातच त्याला 'यांत्रिक प्रश्न' म्हटलं. डॉक्टर असून इंजिनिअरसारखा विचार करणारा माणूस!

त्याच्या पद्धतीचं सोपं गणित असं. ६० किलोचा माणूस चालताना क्षणभर एका पायावर असतो. तो पाय वगळून उरलेलं सुमारे ५० किलो वजन खुब्याच्या आतल्या बाजूला, समजा १२.५ सेंमीवर, लटकतं. कंबर त्या बाजूला कलंडू नये म्हणून खुब्याबाहेरचे स्नायू तिला ओढून धरतात, पण त्यांचं अंतर फक्त ५ सेंमी. म्हणजे ओढ हवी १२५ किलोची. वजन अधिक ओढ मिळून सांध्यावर १७५ किलो, जवळजवळ तिप्पट.

हे नुसतं कागदावर राहिलं नाही. बर्लिनमध्ये गेयॉर्ग बेर्गमान यांच्या गटाने मोजणी करणारे कृत्रिम खुबे रुग्णांना बसवले. २००१ मध्ये छापलेल्या आकड्यांनुसार ताशी ४ किमीच्या चालीत खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.४ पट भार येतो. ठेचकाळून तोल सावरताना तर त्यांना आठपटीहून जास्त भार मिळाला होता.

आता काठी. दुखरा पाय उजवा असेल तर काठी डाव्या हातात. तो हात उजव्या खुब्यापासून साधारण ४० सेंमी दूर असतो. तिथे नुसतं ५ किलोने टेकलं, की स्नायूंची ओढ ४० किलोने कमी! १७५ चे झाले १३०. प्रत्यक्ष चालीत फरक माणसागणिक बदलेल, पण तत्त्व तेच. आणि काठी दुखऱ्या बाजूलाच धरली तर? तिचा जोर कंबरेला वजनाच्याच दिशेने कलंडवतो, स्नायूंना आणखी ओढावं लागतं, नाहीतर माणूस सगळं अंग त्या बाजूला टाकून झुलत चालतो.

"काठीची सवय लागली की पाय कमजोर होतात" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. माझं म्हणणं उलट आहे. पाय कमजोर होतात ते न चालल्याने. बर्लिनच्याच युलिउस वोल्फने १८९२ मध्ये मांडलं की हाड त्याच्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे घडत जातं. भार गेला की हाड झिजतं, आणि रोजची ओढ नसली की स्नायू सुकतो. खुबा दुखतो म्हणून सोसायटीच्या गेटापर्यंतही न जाणारा माणूस दोन्ही गमावतो, आणि मग एक दिवस बाथरूममध्ये पडतो. काठी घेऊन तासभर फिरणारा दोन्ही राखतो.

तेव्हा मंडळी, भारतवारीच्या बॅगेत चॉकलेटं थोडी कमी भरा आणि उंची कमी-जास्त करता येणारी एक काठी टाका. सरळ उभं राहून हात सोडला की मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या. आणि बाबांनी "मी काय म्हातारा झालो?" विचारलं, तर सांगा, म्हातारे नाही हो, ही तरफ आहे. फक्त दुसऱ्या हातात धरा.