साखर कारखान्याचा माणूस आणि बिनसाखरेचा चहा

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर दरवेळी मी बेणे, लागण, हुमणी, खोडवा असेच लिहितो. आज जरा निराळे लिहायचे आहे.

गेल्या वर्षी जुलैत आडसालीच्या नोंदी लिहिताना अक्षर पुसट दिसू लागले. चष्मा बदलायला गेलो, तर डोळ्याच्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासून आणायला सांगितले. उपाशीपोटी साखर निघाली 186. दुसऱ्यांदा तपासले तरी तेच. 126 किंवा त्याच्या वर असली की मधुमेह धरतात. गोळ्या सुरू झाल्या. ही गोष्ट मी फक्त घरी सांगितली, ऑफिसात आणि गटात कुणाला नाही. साखर कारखान्याच्या माणसालाच साखर झाली, हे सांगायची लाज वाटली, दुसरे काय!

पण लपवायचे म्हटले की चहा घ्यावा लागतो. गटात फिरताना दिवसाला दहा-बारा वस्त्या होतात. शेतकी खात्याच्या माणसाने चहा नाकारला तर त्याचा अर्थ काय काढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. "सायेब, गरिबाचा चहा चालत न्हाय व्हय?" इथपासून सुरुवात होते, आणि संध्याकाळपर्यंत पारावर बातमी जाते की साहेब रागावलेत, आता आपली तोडणी काय लवकर येत नाही. एकाकडे घेतला आणि दुसऱ्याकडे नको म्हटले तर आणखीच पंचाईत. म्हणून मी सगळीकडे घेत गेलो. कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम, बारा कपांचे 120 ग्रॅम. बाराच्या उताऱ्याने हिशेब केला तर रोज एक किलो उसाची साखर मी नुसत्या चहातून पोटात घालत होतो!

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी एचबीएवनसी नावाची तपासणी करवली. आपल्या भाषेत सांगतो. उपाशीपोटीची साखर म्हणजे एका उसाचा ब्रिक्स. फडात कुठला ऊस धरला त्यावर तो आकडा कमीजास्त होतो. एचबीएवनसी म्हणजे हंगामाचा सरासरी उतारा, मागच्या दोन-तीन महिन्यांचा. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून तो फसवता येत नाही. साडेसहापासून मधुमेह. डॉक्टरांना माझा सातच्या आत हवा होता. निघाला 8.9. त्यांनी आणखी एक गोळी जोडली आणि बजावले, ही गोळी घेऊन जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाईल.

त्या दिवशी प्रथम मी आमच्या चिटबॉयला खरे सांगितले. ते बरे झाले. डिसेंबरात एका फडावर तोडणीच्या क्रमावरून वाद चालला होता. दोन वाजले, डबा गाडीलाच अडकवलेला. मला दरदरून घाम सुटला, हात कापायला लागले, बोलणे अडखळू लागले. बघणाऱ्यांना वाटले, साहेब दुपारीच घेऊन आलेत. चिटबॉय मात्र पळत जवळच्या खोपीवर गेला, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून मला पाजली, पंधरा मिनिटे बसवून ठेवले आणि मग डबा उघडून दिला. त्याला माहीत नसते तर काय झाले असते, याचा विचार मी अजून करतो.

माझे म्हणणे एवढेच की हे दुखणे लपवण्यासारखे नाही, आणि लपवायला लावण्यासारखेही नाही. पाहुण्याने नको म्हटले तर एकदा विचारावे, दुसऱ्यांदा आग्रह करू नये. मी साखरेच्या विरुद्ध लिहितो आहे असे कोणी समजू नये. आपल्या सर्वांची चूल तिच्यावर पेटते. पण "मग गूळ घ्या" म्हणणाऱ्या काकींना हात जोडून सांगतो की गूळही उसाचाच, आणि रक्तात तोही साखरच होतो. भाकरीचे, भाताचे, उपासाच्या साबुदाण्याचेही तेच, म्हणून मापात खायचे. कारल्याचा रस पिऊन गोळ्या बंद करणारे तर मला दर गटात भेटतात. त्यांचे मी ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

रात्रीच्या लाईटीवर अनवाणी पाणी पाजणाऱ्यांना मात्र कळकळीने सांगतो. जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात. खोडकी घुसली तरी कळत नाही, आणि जखम चिघळल्यावर घरात समजते. पायात बूट घाला, रोज निजताना तळवे बघा, स्वतःला दिसत नसेल तर पोराला बघायला सांगा.

संचालक मंडळाला एक विनंती आहे. सभासद साखर वाटपाच्या दिवशी सगळे गट ऑफिसला येतात. त्या दिवशी तिथे बोटाच्या थेंबावर साखर बघणारी एक परिचारिका बसवावी. जास्त निघाली त्यांना दवाखान्यात पाठवावे. तोडणी कामगारांनाही बघावे.

दुसरी विनंती किरकोळ आहे. मागच्या वार्षिक सभेत मी बिनसाखरेचा चहा मागितला, तर आचारी हसला, म्हणाला, साखर कारखान्यात असला चहा कोण पितंय? मी म्हणालो, मी पितो. तेवढ्यात मागच्या रांगेतले तिघे सभासद उठून आले. त्यातले एक मामा हळूच म्हणाले, "आमालाबी तसलाच द्या." त्यांच्या घरी मी पाच वर्षे चहा पितोय, आणि मला काही माहीत नव्हते. येत्या सभेला एक किटली वेगळी ठेवावी आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात तसे लिहावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी