मुका वृक्ष आणि सोनेरी मर्कट

ज्याला आपलें दुःख बोलून दाखवितां येतें, त्याचा कैवार घेणारे पुष्कळ भेटतात. ज्याला तें येत नाहीं त्याची विचारपूस कोण करितो? ब्राझील देशाच्या पूर्व किनाऱ्यावरील अरण्याची हकीकत वाचतांना हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्या अरण्यांत पाउ-ब्राझील नांवाचा वृक्ष होतो. आपल्याकडील पतंगाच्या लाकडाप्रमाणें त्याच्या गाभ्यापासून तांबडा रंग निघतो. सन १५०० मध्यें पोर्तुगीज लोक त्या किनाऱ्यास लागले आणि रंगाच्या लोभानें ह्या वृक्षाची तोड सुरू झाली. पुढें व्हायोलिनच्या गजासाठींहि त्याच्या लाकडास मागणी आली. देशाला नांव मिळालें तें ह्याच वृक्षावरून. १९७८ सालीं त्यास राष्ट्रीय वृक्षाचा मानहि मिळाला. तथापि आजहि त्याची गणना नष्ट होऊं पाहणाऱ्या वृक्षांतच होते.

त्याच अरण्यांत, रिओ दि जानेरो प्रांतांत, सोनेरी टॅमरिन नांवाचें खारीएवढें माकड राहतें. त्याच्या मुखाभोंवतीं सिंहासारखी आयाळ असते. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत हीं माकडें सुमारें २०० च उरलीं होतीं. जगास त्यांची दया आली. १९७४ सालीं त्यांच्यासाठीं अरण्य राखून ठेवण्यांत आलें. १९८४ पासून प्राणिसंग्रहालयांत जन्मलेलीं माकडें रानांत सोडण्यांत आलीं. आणि २०२३ च्या गणतींत त्यांची संख्या सुमारें ४,८०० भरली. ही गोष्ट खरोखर आनंदाची आहे.

परंतु वृक्षाविषयीं अशी कळकळ कितीशी दिसते? कोणी म्हणेल, झाडास वेदना कोठें असतात? आमचें म्हणणें असें कीं, जी दया केवळ गोजिरवाणें मुख पाहून उत्पन्न होते ती अपुरी होय. कुऱ्हाडीचा आवाज ऐकून माकड पळून तरी जातें. वृक्षास तेंहि शक्य नाहीं. शिवाय हें माकड निजतें झाडाच्या ढोलींत आणि जगतें झाडाच्या फळांवर. हमरस्त्यानें अरण्य दुभंगलें, तेव्हां ह्या माकडांना पलीकडे जातां यावें म्हणून २०२० सालीं रस्त्यावर पूल बांधण्यांत आला, आणि त्या पुलावर झाडें लावावीं लागलीं! माकड वांचविणारांस अखेर झाडाचाच आश्रय घ्यावा लागला.

विद्यार्थिमित्रहो, पाखरावर दगड उगारणाऱ्या सोबत्यास तुम्ही हटकतां, हें योग्यच आहे. चाकूनें झाडाच्या बुंध्यावर नांव कोरणारा दिसल्यास त्याचाहि हात धरा.