भुरीवर इलाज करा, पण घरातल्या मुलांना जपून



थंडी पडू लागली की पिंपरी-चिंचवडच्या गॅलऱ्यांमधल्या काकडी-दोडक्याच्या वेलांवर कुणी पीठ शिंपडल्यासारखे पांढरे डाग दिसू लागतात. ती धूळ नव्हे, कारखान्याची राखही नव्हे. ती भुरी. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार हिला चांगले ओळखतात.

भुरी ही एक बुरशी आहे. बऱ्याच बुरशींना ओले पान लागते, हिला लागत नाही. कोरडे दिवस, दमट गार रात्री, दाट पाने आणि कमी ऊन असले की ती वाढते. बोटाने पुसल्यावर भुकटी बोटाला लागली तर भुरी समजा. पानावर पिवळे ठिपके आणि खालच्या बाजूला करडी बुरशी असेल तर तो केवडा. त्याचा इलाज वेगळा.

पहिला उपाय बिनखर्चाचा. डाग पडलेली पाने कापून पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका, कुंडीत नको. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा, वेल उन्हाकडे वळवा, युरिया थांबवा.

दुसरा उपाय दुधाचा. एक कप दूध, नऊ कप पाणी. सकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारा आणि आठवड्याने पुन्हा करा. ब्राझीलमध्ये बेट्टिओल या संशोधकांनी भोपळावर्गीय पिकावर केलेला असा प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाचा परिणाम चांगला दिसला होता. मात्र सुरुवातीलाच फवारायला हवे. उरलेले मिश्रण ठेवू नका, नासते.

एवढ्याने थांबले नाही तरच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक वापरा, लिटरला साधारण २ ग्रॅम. पाकिटावर वेगळे प्रमाण असेल तर तेच पाळा. काकडीवर्गाची पाने गंधकाने करपू शकतात, म्हणून आधी एका पानावर फवारून दोन दिवस पाहा. कडक उन्हात फवारू नका. कडुनिंबाचे तेल मारले असेल तर दोन आठवडे थांबा. हातमोजे, मास्क, चष्मा घाला. फवारणीनंतर किती दिवसांनी भाजी तोडायची तेही पाकिटावर पाहा आणि भाजी धुऊनच शिजवा.

आता सर्वात महत्त्वाचे. औषध कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत किंवा स्वयंपाकाच्या डब्यात काढून ठेवू नका. लहान मूल लेबल वाचत नाही, बाटली ओळखते. मूळ पाकिटातच, कुलूप लावून, उंचावर ठेवा. पाकिटावरच्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग मोठ्या मुलांनाही शिकवा : लाल सर्वात घातक, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल-पिवळ्याला गॅलरीत जागा नाही. भंगारातून आणलेल्या केमिकलच्या कॅनमध्ये भाजी लावणेही टाळा.

आणि फवारण्याआधी खाली वाकून पाहा. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील, कुणाचे तान्हे बाळ गॅलरीत असेल, तर थांबा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या वेलापेक्षा मोठा आहे.