हवाईसुंदरी नव्हे, कामगार

‘लाखांचं तिकीट काढलं. जाताना बाई हसतमुख होती, नावाने हाक मारत होती. येताना दुसरी होती, तिने ताट आदळलं आणि निघून गेली.’ परदेशी जाणाऱ्या विमानांत बिझनेस क्लासने फिरणाऱ्यांची ही नेहमीची कुरकुर. सेवेत सातत्य नाही, म्हणतात. आणि सातत्य मोजायची पट्टी कोणती? तर बाईच्या चेहऱ्यावरचं हसू.

खडवलीत बसून मी यावर का लिहावं, असं काही मैत्रिणी विचारतील. आमच्याकडच्या बायकांना कसारा लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी तो बिझनेस क्लासच. पण ज्या मापाने विमानातली बाई मोजली जाते, त्याच मापाने इस्पितळातली नर्स, मॉलमधली विक्रेती, बँकेच्या खिडकीवरची आणि दवाखान्यात नाव लिहून घेणारी मुलगी मोजली जाते. काम चोख केलं का, हे नंतर. आधी, हसली का? म्हणून हा प्रश्न आपला आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. मराठीत या कामाला आपण ‘हवाईसुंदरी’ म्हणतो. त्याच विमानात तेच ट्रे उचलणाऱ्या पुरुषाला कुणी ‘हवाईसुंदर’ म्हणत नाही, तो पर्सर. त्याला हुद्दा आहे, तिला रूप आहे. आणि एकदा रूप हीच नोकरी ठरली की वय, वजन, लग्न, गरोदरपण सगळं मालकाच्या अखत्यारीत येतं.

हे आपल्याकडे कसं घडलं त्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. एअर इंडिया ही सरकारी कंपनी असताना तिचा नियम होता की हवाईसुंदरीने ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर तेव्हा, यातलं जे आधी घडेल त्या वेळी घरी जायचं. पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर. विमानातला पुरुष मात्र ५८ पर्यंत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी या नियमाविरुद्ध लढल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये निकाल लागला. गरोदरपणाची अट हा भारतीय स्त्रीत्वाचा अपमान आहे असं म्हणून न्यायालयाने ती रद्द केली, संचालकांची मर्जीही काढून टाकली. पण चार वर्षं लग्न न करण्याची अट कायम ठेवली. ती म्हणे मुलीच्या आरोग्याला आणि कुटुंब नियोजनाला बरी! आणि स्त्री-पुरुषांच्या नियमांतला फरक हा केवळ लिंगावरून केलेला भेदभाव नाही, कारण दोघांचे संवर्गच वेगळे. संवर्ग वेगळे कुणी केले, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

विमानातल्या कर्मचाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या ‘इन-फ्लाइट सुपरवायझर’ या जागेसाठी तर वर्षानुवर्षं पुरुषच लायक होते. सेवेने ज्येष्ठ असलेल्या बाईनेही तिच्याहून कनिष्ठ पुरुषाच्या हाताखाली काम करायचं. २००५ मध्ये एअर इंडियाने ही जागा स्त्रियांना खुली केली, तर पुरुष कर्मचारीच न्यायालयात गेले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा कुठे हा वाद मिटला. वजनाचं तेच. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१४ च्या नियमांत उंची-वजनाचा निर्देशांक पुरुषाला २५ पर्यंत चालत होता आणि स्त्रीला २२ पर्यंतच. आणीबाणीचं दार उघडायला ताकद लागते, कंबर नाही. मग हा फरक कशासाठी? बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

आता ‘सातत्य नाही’ या तक्रारीकडे येऊ. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. खुर्ची मोडकी, पडदा बंद, मागवलेलं जेवण संपलं, ही तक्रार रास्त आहे. पैसे घेतले, वस्तू दिली नाही. पण ती खुर्ची त्या मुलीने बनवली नाही, जेवणाची ताटं तिने मोजून चढवली नाहीत. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्यात विस्तारा विलीन झाली. जुनी विमानं, नवी विमानं, दोन कंपन्यांच्या रीती, दोन प्रकारची शिस्त, सगळं एका नावाखाली आलं. प्रवाशाला या विमानात एक आणि त्या विमानात दुसरं मिळणारच. व्यवस्थापन समोर दिसत नाही. समोर दिसते ती ट्रॉली ढकलणारी, म्हणून राग तिच्यावर निघतो.

आणि तिच्याकडून सातत्य मागणाऱ्यांनी तिला काय सातत्याने दिलं? त्याच डिसेंबर २०२४ पासून परगावी मुक्कामात केबिन कर्मचाऱ्यांनी हॉटेलची खोली दोघींत वाटून घ्यायची, असा नियम एअर इंडियाने आणला. फार लांबच्या उड्डाणांचे आणि काही ज्येष्ठांचे अपवाद केले. वैमानिकांना हा नियम नव्हता. संघटनेने विरोध केला. दोघींची झोपेची वेळ वेगळी, एकीला दिवे हवेत, दुसरीला अंधार. अर्धवट झोपेने उठून दुसऱ्या दिवशी रात्रभर हसायचं. मग कुणी लिहितं, ‘चेहऱ्यावर उत्साह नव्हता.’

आमच्या बैठकीला येणारी एक मुलगी अशा नोकरीत होती. कल्याणच्या एका क्लासने आईचे दागिने मोडायला लागतील एवढी फी घेतली आणि दात, डाग, उंची, नखं यांची यादी हातात दिली. नोकरी लागली, पण खडवलीहून रात्रीची शेवटची गाडी चुकली की पहाटेपर्यंत काही नाही, म्हणून अंधेरीला पाच जणींत खोली घेतली. एका प्रवाशाच्या शेऱ्यावरून तिचा त्या महिन्याचा भत्ता कापला गेला. शेरा होता, ‘आपुलकी वाटली नाही.’ तिने मला विचारलं, ‘ताई, आपुलकी कमी दिली हे कुणी आणि कशाने मोजलं?’ लोक म्हणतात या मुली सुखवस्तू, यांचं कसलं शोषण? त्यांनी त्या पाच जणींची खोली बघावी.

‘पैसे मोजलेत, मग गोड वागणूक का नको?’ असंही म्हणतात. सभ्य वागणूक हवीच, ती लोकलच्या तिसऱ्या डब्यातही हवी. पण सभ्यता दोन्हीकडून असते. एकीने हसत राहायचं आणि दुसऱ्याने टिचकी वाजवून बोलवायचं, याला ताबेदारी म्हणतात. ती तिकिटात विकत मिळत नाही. अमेरिकेत पॅन अ‍ॅम कंपनी या कामावर फक्त बायका घेत असे, कारण प्रवाशांना धीर देणं बायकांनाच जमतं म्हणे. १९७१ मध्ये तिथल्या न्यायालयाने हे फेटाळलं. विमान कंपनीचं मूळ काम लोकांना सुरक्षित पोचवणं हे आहे, बाकी सगळं वरचं.

मूळ काम म्हणजे काय, ते कराचीत ५ सप्टेंबर १९८६ ला नीरजा भनोतने दाखवलं. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना तिने प्रवाशांना वाचवत प्राण दिला. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धडकून पेटलं. ध्वनिक्षेपक बंद पडला होता. कर्मचाऱ्यांनी कर्णे घेऊन, ओरडून ३६७ प्रवाशांना बाहेर काढलं. त्या वेळी कुणी हसत नव्हतं. करड्या आवाजात हुकूम दिले, म्हणून माणसं जगली.

उलट ‘गिऱ्हाईक नाराज होऊ नये’ या शिकवणीचं फळ बघा. २६ नोव्हेंबर २०२२ ला न्यूयॉर्कहून दिल्लीला येणाऱ्या एअर इंडियाच्या बिझनेस क्लासमध्येच दारू प्यालेल्या सहप्रवाशाने एका वयस्क बाईवर लघवी केल्याचा आरोप झाला. त्याने तो नाकारला. तिच्या तक्रारीनुसार तिला धड दुसरी जागा दिली नाही, आणि ती नको म्हणत असताना त्या माणसाला माफी मागायला तिच्यासमोर आणून बसवलं. जानेवारी २०२३ मध्ये महासंचालनालयाने कंपनीला ३० लाखांचा दंड केला, वैमानिकाचा परवाना तीन महिने रोखला. आपण निःसंशय त्या बाईच्या बाजूने आहोत. कर्मचारी चुकले. पण ‘मिटवून टाका, बोभाटा नको’ ही रीत त्यांनी कुठून घेतली? छेडछाड झाली की गावकीत दोघांना समोरासमोर बसवून मिटवतात, तीच ही रीत. रोज फक्त लाड पुरवायला शिकवलेल्या माणसाकडून ऐन वेळी ठाम उभं राहण्याची अपेक्षा कशी धरायची? हवं ते सातत्य इथे हवं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांच्यात बहुसंख्य स्त्रिया. विमान जमिनीवर असताना प्रवाशांना बसवणं, सामान लावणं या कामाचा पगार मिळत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. सरकारने कामावर परतायचा हुकूम काढला, तो त्यांनी मानला नाही आणि कंपनीला बोलणी करावी लागली. न मोजलेलं काम म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. चूल आणि पाणी आपण कधी तासावर लावलंय?

तेव्हा मागण्या स्पष्ट करू. जमिनीवरच्या कामाचाही पगार द्या. मुक्कामात प्रत्येकीला स्वतंत्र खोली आणि रात्री-अपरात्री घरापर्यंत गाडी द्या. वजन-रूपाच्या अटी काढून कामाची ताकद तपासा, स्त्री-पुरुषांना एकच कसोटी लावा. ‘आपुलकी’च्या शेऱ्यांवरून पैसे कापणं बंद करा. दारू नाकारण्याचा आणि अंगचटीला येणाऱ्या प्रवाशाला रोखण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला द्या. त्यासाठी तिला जाब विचारू नका. कामाच्या जागी येणाऱ्या त्रयस्थांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा सांगतो. तो विमानातही पाळा.

आणि मैत्रिणींनो, एक काम आपल्या हातात आहे. ‘हवाईसुंदरी’ हा शब्द आपल्या तोंडातून, आपल्या पत्रकांतून, मुलींच्या शाळेतल्या निबंधांतून काढून टाकू. विमान कर्मचारी म्हणू. पुढच्या वेळी कुठल्याही खिडकीपलीकडची बाई हसली नाही, तर तिच्या वरिष्ठाकडे तक्रार करण्याआधी तिला विचारू, ‘बाई, किती तास झाले उभी आहेस?’