पटकीनं रिकामा केलेला बंगला

१८८२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची बायको पटकीनं गेली. गव्हर्नर होते सर जेम्स फर्ग्युसन, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच. राहायला होते परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये. त्यांच्या बाईंचं असं झालं आणि शंभरहून जास्त वर्षं मुंबईच्या गव्हर्नरांचं घर असलेल्या त्या बंगल्यावरचं सरकारी मन उडालं ते उडालंच. गव्हर्नरांनी बाडबिस्तरा उचलला आणि मलबार पॉइंटला समुद्राच्या वाऱ्यावर नेऊन ठेवला. तो आजतागायत तिथंच आहे, फक्त पुढे त्याला राजभवन म्हणू लागले.

मागे राहिला परळचा बंगला. मोठा, दुमजली, बागेसकट मोकळा.

प्रभादेवीच्या माणसाला हा बंगला खरं तर शेजारचा. स्टेशनच्या पलीकडे उतरायचं आणि केईएम रुग्णालयाच्या दिशेनं चालत सुटायचं. आचार्य दोंदे मार्गावर टाटा आणि वाडिया रुग्णालयांच्या शेजारीच हाफकिन संस्थेचं आवार लागतं. सर्पदंशावरचं औषध, रेबीजची लस, पोलिओचे डोस यांच्याशी ‘हाफकिन’ हे नाव जोडलेलं, त्यामुळे आत काही सरकारी छापाची प्रयोगशाळा असेल असंच बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात आवारातली मुख्य इमारत म्हणजे गव्हर्नरांनी सोडलेला तोच बंगला. परळ-प्रभादेवीत जन्म गेलेल्या अनेकांना हे ठाऊक नसतं. त्यांचं येणं-जाणं केईएमपर्यंत, आणि केईएमला जाणारा माणूस आजूबाजूच्या कमानी बघायच्या मनःस्थितीत नसतो.

या घराचं गव्हर्नरांच्याही आधीचं एक आयुष्य आहे, आणि ते नाचघराच्या भिंतींत दडलेलं आहे. खाली जेवणाचं दालन आणि वर नाचाचं, अशी जी दोन प्रशस्त दालनं गव्हर्नरांच्या मेजवान्यांसाठी प्रसिद्ध होती, ती मुळात एकच जागा होती, एका पोर्तुगीज चर्चची. ते चर्च फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी बांधलं की जेझुइटांनी, यावर जुन्या लेखकांचं एकमत नाही. पण सतराव्या शतकात परळची मालकी जेझुइटांकडे होती हे नक्की. १६७३ मध्ये मुंबईत आलेला जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर परळला चर्च आणि जेझुइटांची जमीन असल्याची नोंद करतो.

मग १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान मुंबईवर चालून आला. माहीम, माझगाव, शिवडी त्यानं घेतलं आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं. जेझुइटांनी आतून सिद्दीला मदत केली असा ईस्ट इंडिया कंपनीचा आरोप होता. त्यांच्या जमिनी गेल्या. परळचं चर्चही गेलं आणि अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, गव्हर्नर बूनच्या काळापासून, तिथं गव्हर्नरांचा शहराबाहेरचा बंगला झाला.

आरोप किती खरा आणि जागा किती सोयीची, हे ज्याचं त्यानं ठरवावं. सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही मुंबईच्या कॅथलिकांत त्याची कुजबुज होती. १८२५ मध्ये बिशप हेबर इथं पाहुणा म्हणून आला तेव्हा ती त्याच्याही कानावर पडली होती. कंपनीनं ही वास्तू एका पारशी व्यापाऱ्याकडून रीतसर विकत घेतली, असा खुलासा त्यानं लिहून ठेवला आहे. यजमानाच्या बाजूनं पाहुण्यानं केलेला खुलासा, तेव्हा त्याचं वजन तेवढंच.

चर्चच्याही खाली काय होतं? परळी वैजनाथ महादेवाचं देऊळ, अशी एक परंपरागत समजूत आहे, आणि परळ हे नाव त्यावरूनच आलं असंही सांगतात. पुरावा म्हणून हातात काही नाही. मात्र १९३१ मध्ये याच परिसरात परळ ते शिवडी रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक अखंड पाषाणमूर्ती निघाली. उंची माणसाच्या जवळजवळ दुप्पट आणि शिवाची सात रूपं एकातून एक उमललेली. अभ्यासक तिला पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, मूळ मूर्ती मात्र परळच्या बारादेवीच्या देवळात आजही पूजेत आहे. म्हणजे गव्हर्नरांच्या, पाद्र्यांच्याही कित्येक शतकं आधी इथं कोणीतरी मोठ्या ताकदीचं काम करत होतं, एवढं तरी निर्विवाद.

प्रभादेवीकरांना ही जमिनीखालची गोष्ट नवी वाटणार नाही. त्यांच्या देवीची मूर्तीही संकटकाळात विहिरीत लपवली होती आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती बाहेर काढून देऊळ बांधलं, अशीच आख्यायिका आहे.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी १७७० च्या दशकात परळला कायम मुक्कामाला आला. वरळीला बांध घालून समुद्राचं भरतीचं पाणी अडवणारा हाच तो हॉर्नबी. १७८४ च्या सुमारास तो बांध पुरा झाला तेव्हा वरळी-प्रभादेवीची पश्चिम पट्टी आणि परळ यांच्या मधली खाजणं हळूहळू कोरडी पडू लागली. गिरण्या, चाळी आणि आता चाळीस-पन्नास मजली टॉवर ज्या जमिनीवर उभे राहिले, तिचा बराचसा भाग असा परळला राहणाऱ्या माणसाच्या हट्टानं मिळालेला आहे.

पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं बंगल्याला दोन बाजूंनी भाग जोडून तो वाढवला. (प्रभादेवी स्टेशनचं जुनं नाव ज्याच्यावरून होतं तो हा नव्हे, त्याचा पुतण्या लॉर्ड एल्फिन्स्टन. या दोघांची गल्लत मुंबईत नेहमीची.) १८७५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, इथं उतरला. त्याला भेटायला आलेल्या संस्थानिकांत बडोद्याच्या गादीवर नुकतेच बसलेले, बारा वर्षांचे सयाजीराव गायकवाडही होते. बंगल्याच्या वैभवाचा तो कळस म्हणायचा. तोवर आसपास गिरण्यांची धुराडी उगवायला लागली होती, हवा बिघडत होती, आणि मग ती पटकी आली.

गव्हर्नर गेल्यावरच्या वर्षांत बंगल्याला काम असं उरलं नाही. काम मिळालं ते दुसऱ्या साथीमुळे. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीच्या वस्तीत प्लेगचं निदान केलं आणि काही महिन्यांत मुंबई ओस पडू लागली. स्टेशनांवर गर्दी, घराघरांत शोधपथकं, जुलमाच्या तक्रारी. जिथं राजपुत्रासाठी दरबार भरला होता, त्या परळच्या बंगल्यात आता प्लेगच्या रुग्णांच्या खाटा लागल्या.

त्याच ऑक्टोबरात ओडेसाचा एक ज्यू शास्त्रज्ञ मुंबईत दाखल झाला. नाव व्लादिमीर हाफकिन. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत राहून त्यानं १८९२ मध्ये पटकीवरची लस तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा; माणसं म्हणजे एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर त्यानं तीन महिन्यांत प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी गुपचूप स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वखुशीनं पुढे आले. काम वाढलं तशी जागा अपुरी पडू लागली. मलबार हिलवरचा बंगला झाला, आगाखानांनी दिलेलं खुश्रू लॉज झालं, आणि अखेर १० ऑगस्ट १८९९ ला गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली.

पटकीनं गव्हर्नर पळाला, आणि पटकीची लस करणारा माणूस त्याच घरात कामाला आला. कादंबरीकारानं हे लिहिलं असतं तर संपादकानं ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

लस करण्याची रीत मोठी देशी होती. रश्श्यासारख्या द्रवानं भरलेल्या चंबूंत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, अधूनमधून चंबू हलवून ते पाडायचे, की पुन्हा नवे लोंबकळू लागायचे. अशा चंबूंच्या रांगा परळच्या बंगल्यात लागल्या आणि इथल्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

त्यातलीच एक बाटली ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी उघडली गेली. त्या बाटलीतून लस टोचलेली १९ माणसं धनुर्वातानं मेली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला, त्याला पद सोडावं लागलं. नंतर कागदपत्रांतून पुढे आलं ते असं की बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्यांनी वर्तमानपत्रांतून हाफकिनची बाजू लढवली, १९०७ मध्ये तो निर्दोष ठरला. पण परळ त्याला परत मिळालं नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं तेव्हा तो युरोपात निवृत्त आयुष्य काढत होता.

घराचं काम त्याच्यावाचूनही चाललं. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसात येतो, हे पक्कं करण्यात परळच्या प्रयोगशाळेतल्या ग्लेन लिस्टन यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. १९२६ मध्ये केईएम आणि १९४१ मध्ये टाटा रुग्णालय शेजारी आलं, आणि ज्या परळची हवा गव्हर्नरांना मानवली नाही तिथं अख्खा देश बरं व्हायला येऊ लागला.

आता याच शहरातलं दुसरं घर बघा. काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल, नंतरचं एस्प्लनेड मॅन्शन. विलायतेत ओतलेल्या लोखंडी सांगाड्याची, १८६० च्या दशकातली इमारत. ७ जुलै १८९६ ला, म्हणजे प्लेगचं निदान होण्याच्या अवघे दोन-अडीच महिने आधी, लुमिएर बंधूंची चलच्चित्रं भारतात पहिल्यांदा तिथं दाखवली गेली. २०१९ मध्ये धोकादायक म्हणून ती रिकामी केली. आयआयटीच्या तज्ज्ञांनी पाडण्याची शिफारस केली, वारसातज्ज्ञ दुरुस्ती होऊ शकते म्हणाले, आणि प्रकरण न्यायालयाच्या तारखांत गेलं. संरक्षित यादीत तिचं नाव आहेच. परळच्या बंगल्याला १८९९ मध्ये अशी कुठली यादी नव्हती. त्याला भाडेकरू मिळाला, एवढंच. चंबू ठेवायला कोरडी, हवेशीर जागा हवी होती म्हणून छप्पर गळू दिलं गेलं नाही. पाडावं की ठेवावं हा वाद एस्प्लनेड मॅन्शनबाबत पुष्कळ झाला. त्या इमारतीत कोणाला, कशासाठी जागा द्यायची, हे सरकारनं आधी जाहीर करावं.