साहेबांनी शेअर घेतले, म्हणून?

मानखुर्दहून सकाळची सीएसएमटी गाडी पकडली की हल्ली क्रिकेटच्या जोडीला शेअरच्या गप्पा कानावर येतात. महाराष्ट्रनगरचा कुरिअरवाला पोरगा असो की पीएमजीपी कॉलनीतले रिटायर्ड काका, मोबाइलमध्ये डीमॅट दोघांच्याही आहे. आणि दोघांच्याही ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो : ‘अमक्या कंपनीच्या एमडीने स्वतःच शेअर घेतले. आतलं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? उचला!’

माझी विनंती एवढीच, उचलायच्या आधी दहा मिनिटं काढा.

मेसेज खोटाच असतो असं नाही. लिस्टेड कंपनीचे संचालक, बडे अधिकारी, प्रमोटर किंवा त्यांच्या घरचे यांनी तिमाहीत १० लाखांहून जास्त रकमेचे व्यवहार केले, की ते शेअर बाजारात जाहीर व्हावे लागतात. सेबीचा २०१५ चा नियम आहे तो. बीएसईच्या साइटवर कंपनीचं पान उघडा आणि ‘इनसायडर ट्रेडिंग’च्या नोंदी शोधा. फुकट दिसतात. एकेका ओळीत नाव, हुद्दा, आधी किती शेअर होते, आता किती घेतले, मिळून किती झाले, हे सगळं असतं. शिवाय व्यवहार कसा झाला त्याचा एक रकाना असतो. मेसेज पाठवणारा नेमका तोच गाळतो.

त्या रकान्यात ‘मार्केट पर्चेस’ असेल तर साहेबांनी तुमच्याआमच्यासारखे बाजारभावाने, खिशातले पैसे घालून शेअर घेतलेत. ‘ईसॉप’ असेल तर कंपनीने पूर्वी ठरवून दिलेल्या भावाने मिळालेत. बाजारात ३०० चा शेअर ४० ला मिळत असेल तर मीही घेईन, त्यात कंपनीवरचा विश्वास कुठून आला? ‘इंटर-से ट्रान्सफर’ किंवा ‘गिफ्ट’ म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या घरात फिरवाफिरव. ‘प्लेज’ दिसलं तर सावध व्हा, म्हणजे शेअर कर्जापायी गहाण पडलेत. भाव घसरला की सावकार ते विकू शकतो. अशा वेळी प्रमोटर थोडी खरेदी करून भाव सावरायला बघत नाही ना, ही शंका घ्यायलाच हवी.

मग रक्कम बघा. वर्षाला १० कोटी घेणाऱ्याने २५ लाखांचे शेअर घेतले तर ती बातमी नव्हे, हातखर्च आहे. उलट फेब्रुवारी २०१६ मध्ये जगभर बँकांचे शेअर पडत असताना जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेचे प्रमुख जेमी डायमन यांनी स्वतःच्या बँकेचे ५ लाख शेअर घेतले, सुमारे २.६ कोटी डॉलरचे. ते बाजारातून, रोख मोजून घेतलेले होते आणि पुढे भाव चढलाही. अशी खरेदी मी गंभीरपणे घेतो. पण तिच्यावर डोळे मिटून पैसे लावत नाही. चांगल्या माणसाचाही अंदाज चुकतो.

कृतीऐवजी नुसते शब्द असतील तर मात्र कान बंद करा. आपल्या मुंबईतच झालेली गोष्ट आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने येस बँकेच्या राणा कपूर यांची एमडीपदाची मुदत जानेवारी २०१९ अखेरपर्यंतच ठेवली आणि शेअर आपटला. त्यावर कपूर यांनी ट्विटरवर सांगितलं, की आपले शेअर हिऱ्यांसारखे आहेत, ते मुलींना देऊ आणि एकही विकू नये असं मृत्युपत्रात लिहू. नोव्हेंबर २०१९ पर्यंत त्यांचे आणि त्यांच्या कंपन्यांचे जवळपास सगळे शेअर विकले गेले होते. विक्रीच्या बातम्या पेपरात येत होत्या, लोक मात्र हिऱ्यांचं ट्विट धरून बसले. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, खात्यातून ५० हजारांवर काढता येईना, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास असलेला शेअर दुसऱ्या दिवशी साडेपाच रुपयांपर्यंत खाली गेला.

खरेदी सांगायची आणि विक्री लपवायची, हाही प्रकार झालेला आहे. २००१ च्या सप्टेंबरमध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचे प्रमुख केनेथ ले यांनी कर्मचाऱ्यांना सांगितलं, की मी स्वतः शेअर घेतोय. त्याच सुमारास त्यांनी कंपनीलाच त्याहून कितीतरी जास्त शेअर परत विकले होते, ते मात्र सांगितलं नाही. डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा एका ओळीवर थांबू नका, त्या नावाच्या वर्षभराच्या सगळ्या ओळी वाचा.

विक्री दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही. एचडीएफसी बँकेचे तेव्हाचे एमडी आदित्य पुरी यांनी जुलै २०२० मध्ये, निवृत्तीला तीन महिने असताना, जवळजवळ सगळे शेअर विकले. रक्कम ८४० कोटींच्या घरात होती. ग्रुपवर बोंब उठली, पण बँकेला काही झालं नाही. विकायला माणसाला घर, कर, लग्न, निवृत्ती अशी शंभर कारणं असतात.

आणखी एक. बाजारातून शेअर घेतलेल्या अधिकाऱ्याला सहा महिने उलटा व्यवहार करता येत नाही, नियमच आहे. तो थांबू शकतो, त्याचं घर पगारावर चालतं. तुमचे जूनच्या फीचे पैसे असतील तर त्याच्यामागे जाऊ नका, खरेदी कितीही खरी असो.

आणि ‘आतल्या खरेदीची यादी’ महिना ९९९ रुपयांत देतो म्हणणारा भेटला, तर त्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. नाही दिला तर ग्रुप सोडा. दिला तरी सेबीच्या साइटवर ताडून बघा, आणि यादीसाठी पैसे मात्र देऊ नका. ती बीएसईवर तशीही फुकट आहे.